इंग्रजी अर्जात हरवलेली खाच

आमच्या दारव्हा तालुक्यात तुरीचे शेंडे खुडण्याचे काम बायकांकडे असते. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी पहिली खुडणी आणि ६५ दिवसांच्या सुमारास दुसरी झाली, की झाड उंच जाण्याऐवजी बाजूने फांद्या धरते आणि शेंगा वाढतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. अडचण अशी, की नेमके त्याच दिवसांत निंदण आणि फवारणीचीही घाई असते, मजूर मिळत नाहीत, आणि हाताने खुडणाऱ्या बाईची बोटे दुसऱ्या दिवशी काळी पडून दुखू लागतात. माझे गावात वेल्डिंग आणि पंपदुरुस्तीचे दुकान आहे. २०१७ च्या पावसाळ्यात मी पाठीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, एक छोटी डीसी मोटार, पीव्हीसी पाइपचा दांडा आणि दातेरी गोल पाते एवढ्या सामानातून खुडणीचे यंत्र तयार केले. तसे यंत्र बनवणारा मी एकटा नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे जुना पंप आणि वेल्डिंगचे मशीन होते, अशा अनेकांना ही कल्पना सुचली होती.

त्या यंत्राची खोड मात्र सगळीकडे एकच होती. तुरीचा कोवळा शेंडा चिवट असतो. तो पात्याच्या दांडीभोवती गुंडाळला जातो, मोटार अडते, बॅटरी उतरते आणि हंगामात दोन-तीन मोटारी जळतात. २०१९ च्या हंगामात मी त्यात एक लहान सर्किट बसवले. मोटार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढू लागली, की ते सर्किट तिला अर्धा सेकंद उलट फिरवते आणि पुन्हा सुलट चालू करते. माझ्या मते प्रश्न तेथेच मिटायला हवा होता, परंतु मिटला नाही. शेतात यंत्र चालवून आलेली माझी पत्नी म्हणाली, "अहो, उलटं फिरलं तरी काडी मांगंच सरकते, याले मांगून खाच पाडा." तिने स्वतःचा विळा पुढे धरला आणि त्याच्या दात्यांमागे गवत कसे अडकते ते दाखवले. मी पात्याच्या प्रत्येक दात्याच्या मागच्या अंगाला कानशीने तिरपी खाच पाडली. सुलट फिरताना ती खाच काहीच करत नाही. उलट फिरताना मात्र गुंडाळलेल्या काडीला पकडून बाहेर फेकते. नुसते उलट फिरणे निरुपयोगी, नुसती खाचही निरुपयोगी, दोन्ही एकत्र आले तरच यंत्र मोकळे होते. माझा शोध म्हणायचा तो एवढाच, आणि त्याचा अर्धा भाग माझा नव्हता.

पेटंट हा शब्द आमच्या भागात नवीन नाही. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीत तंत्रज्ञानाचे पैसे असतात, हे २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर हळूहळू प्रत्येकाला समजले होते. आपल्यासारख्याला स्वतः पेटंट मागता येते, ही कल्पना मात्र मला एका तंत्रनिकेतनातल्या माझ्या जुन्या सरांनी दिली. नागपूरला बौद्धिक संपदा व्यवस्थापनाची केंद्र सरकारची संस्था आहे आणि तेथे प्रशिक्षणे होतात, हेही त्यांच्याकडूनच कळले. मी तेथल्या एका दिवसाच्या कार्यक्रमाला गेलो, आणि त्या ओळखीतून पुढे नागपुरातल्या एका पेटंट एजंटकडे पोहोचलो.

त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "भाऊ, हे यंत्र तुम्ही आजवर कोणाकोणाला दाखवले?" मी अभिमानाने सांगितले, की अर्ध्या तालुक्याला, शिवाय माझ्या भाच्याने २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याचा व्हिडिओही टाकला आहे. ते ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले. अर्जाच्या तारखेआधी जगात कोठेही जी गोष्ट उघड झाली, ती नवी राहत नाही, आणि ती खुद्द शोधकाने उघड केली म्हणून आपला कायदा सहसा सूट देत नाही. सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, किंवा अर्जापूर्वीच्या एका वर्षात आवश्यक म्हणून केलेली चाचणी, असे मोजकेच अपवाद १९७० च्या पेटंट कायद्यात आहेत. अमेरिकेत शोधकाने स्वतःच केलेले प्रकटीकरण एक वर्षापर्यंत माफ असते, जपानमध्येही आता तसेच आहे. आमच्याकडे मात्र जो कारागीर आपले यंत्र शेजाऱ्याच्या शेतात मोकळेपणाने चालवून दाखवतो, तो कायद्याच्या दृष्टीने आपल्याच हाताने दार बंद करतो. सुदैव एवढेच, की व्हिडिओतले यंत्र जुने होते. त्यात उलट फिरवणारे सर्किट नव्हते आणि खाचही नव्हती, आणि त्या दोन्हींची चाचणी मी अर्जाच्या दोन-तीन महिने आधीच, आमच्या स्वतःच्या शेतात केली होती. मूळ यंत्र हातचे गेले होते, सुधारणा शिल्लक होती.

मग त्यांनी फॉर्म भरताना विचारले, "शोधक कोण?" मी माझे नाव सांगितले. ते सांगताना क्षणभर अडखळलो, हे आज कबूल करतो, पण खाच दाखवणारा विळा त्या कचेरीत मला शोध वाटला नाही. त्याची किंमत पुढे कळली.

खर्चाविषयी लोकांचा गैरसमज असतो, म्हणून आकडे सांगतो. एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, तर मोठ्या कंपनीला ८,००० रुपये. तपासणीची विनंती करताना व्यक्तीला ४,००० रुपये भरावे लागतात. ही रक्कम माझ्यासारख्याला जड असली, तरी अशक्य नाही. एजंटचे मानधन मात्र सुरुवातीलाच ३२,००० रुपये झाले आणि पुढे वाढत गेले. त्यांनी मला लुबाडले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांचे काम खरोखरच किचकट होते. परंतु शुल्कात दिलेली सवलत ही या वाटेवरच्या सर्वांत छोट्या खर्चावरची सवलत आहे, हे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तात्पुरता अर्ज दाखल झाला. तारीख आपल्या नावावर राहावी म्हणून तो करतात, आणि पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे सविस्तर वर्णन, त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा मसुदा माझ्या मोबाइलवर आला: १९ पाने इंग्रजी आणि शेवटी आठ दावे. मी पदविकाधारक आहे, मोटारीच्या आणि पंपाच्या इंग्रजी पुस्तिका वाचून दुरुस्ती करतो. तरीही त्या १९ पानांत माझे यंत्र मला सापडेना. पात्याला 'फिरते कर्तन साधन' अशा अर्थाचे काही म्हटले होते, बॅटरीला 'ऊर्जास्रोत', आणि प्रत्येक वाक्य संपता संपत नव्हते. दावा म्हणजे शेताची चतुःसीमा असते, जे त्या ओळीत लिहिले आहे तेवढेच आपले, हे मला एजंटांनी नीट समजावले होते. पण ज्या भाषेत चतुःसीमा लिहिली आहे ती भाषाच पुरती कळत नसेल, तर बांध कोठे पडला हे पाहायचे कसे? पेटंटची कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावी लागतात, असा नियम आहे. मराठीत चालत नाहीत. मी दोन संध्याकाळी शब्दकोश घेऊन बसलो, तिसऱ्या दिवशी थकून सही केली.

पुढची दोन वर्षे वाट पाहण्यात गेली. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तसा तो मे २०२१ मध्ये झाला, आणि त्या दिवसापासून माझी रचना जगातल्या कोणालाही वाचण्यासाठी खुली झाली, मला मात्र अजून कसलाही हक्क मिळालेला नव्हता. तपासणीची विनंती केली आणि संकेतस्थळावर दर पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती पाहत राहिलो.

जानेवारी २०२३ मध्ये पहिला तपासणी अहवाल आला. त्यातल्या काही हरकती सोप्या होत्या. शेवटच्या दोन दाव्यांत 'शेंडे खुडण्याची पद्धत' असा उल्लेख होता, आणि शेतीची पद्धत कलम ३ (ह) नुसार शोध ठरत नाही. ते दावे आम्ही लगेच सोडले, आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही. शेती कशी करावी याच्यावर कोणाची मालकी नसावी, हे कलम शेतकऱ्याच्या बाजूचे आहे. खरी हरकत दुसरी होती. परीक्षकांनी दोन जुने दस्तऐवज समोर ठेवले होते. एक होता चिनी, चहाची पाने खुडणाऱ्या बॅटरीच्या यंत्राचा. दुसरा अमेरिकन, आणि तो होता कार्यालयात कागद फाडणाऱ्या यंत्राचा, जे कागद अडकला की आपोआप उलट फिरते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर कोणताही जाणकार कारागीर माझ्या यंत्रापर्यंत पोहोचेल, असे अहवालात म्हटले होते.

प्रथम मला हसू आले. तुरीच्या शेंड्याचा आणि साहेबांच्या टेबलाखालच्या कागदाचा काय संबंध? पण रात्री विचार करताना ध्यानात आले, की परीक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. दाव्यात जे लिहिले होते ते खरोखरच कागद फाडणाऱ्या यंत्राने आधीच केले होते. एजंटांनी मला सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल सांगितला. मिर्झापूरची पितळी भांडी घडवताना ती यंत्रावर धरून ठेवण्याच्या साधनाचे ते पेटंट होते, आणि न्यायालयाने ते टिकू दिले नाही. नुसती वर्कशॉपमधली सुधारणा शोध ठरत नाही, तिच्यापलीकडे काही असावे लागते, हे तत्त्व त्या निकालात आहे. ते ऐकताना मला वाटले, की माझे सगळे आयुष्य वर्कशॉपमधल्या सुधारणांतच गेले आहे.

फोनवर एजंटांनी विचारले, "यात आणखी काही वेगळे आहे का, भाऊ? नीट आठवून सांगा." मी म्हणालो, "खाच आहे ना." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग पाने उलटल्याचा आवाज आला. १९ पानांत खाच कोठेच नव्हती. मी पहिल्या भेटीत ती सांगितली होती, पण वऱ्हाडी बोलण्याच्या ओघात. त्यांनी ती पात्याचे दाते म्हणून घेतली आणि इंग्रजीत फक्त 'दातेरी पाते' उतरले. चूक त्यांची होती, आणि सही करणाऱ्या माझीही. आता नव्याने लिहून देऊ म्हटले तर कलम ५९ आडवे येत होते: मूळ स्पेसिफिकेशनमध्ये जे उघड केलेले नाही, ते दुरुस्तीने आत आणता येत नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याचे पाहून आपला अर्ज वाढवत बसेल. पण माझ्या बाबतीत तो नियम भाषांतरात राहून गेलेल्या गोष्टीला कायमचा कुलूप लावणार होता.

वाचवले ते चित्राने. मी पेन्सिलने काढून दिलेली पात्याची आकृती ड्राफ्ट्समनने जशीच्या तशी गिरवली होती, आणि आकृती क्रमांक ३ मध्ये प्रत्येक दात्यामागे तिरपी खाच स्पष्ट दिसत होती. चित्र हा स्पेसिफिकेशनचाच भाग असतो. जुलै २०२३ मध्ये, सहा महिन्यांची मुदत संपता संपता, आम्ही दावे मागे घेऊन एकच मुख्य दावा ठेवला: उलट फिरवणारे सर्किट आणि आकृती ३ मध्ये दाखवलेली खाच, दोन्ही मिळून.

सुनावणी फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हिडिओवरून झाली. गावातल्या नेटवर भरवसा नव्हता, म्हणून मी यवतमाळला मेव्हण्यांच्या घरी जाऊन बसलो, सोबत दोन पाती नेली, एक खाचेचे आणि एक बिनखाचेचे. मुंबईच्या कार्यालयातले अधिकारी शांतपणे ऐकत होते. त्यांनी हिंदीत विचारले, की खाच नसेल आणि फक्त उलट फिरवले तर काय होते. मी पाते कॅमेऱ्यासमोर धरून, दोरीचा तुकडा गुंडाळून, उलट फिरवून दाखवले. दोरी सैल झाली, पण दांडीवरच राहिली. मग खाचेच्या पात्यावर तेच केले आणि दोरी टेबलावर पडली. साऱ्या प्रक्रियेत माझा शोध मी माझ्या हातांनी समजावून सांगू शकलो, असे ते दोनच मिनिट होते. पंधरा दिवसांत लेखी म्हणणे दिले, आणि मे महिन्यात पेटंट मंजूर झाले.

मधल्या काळात एक गोष्ट मला उशिरा समजली. सप्टेंबर २०१९ पासून अर्जदारांमध्ये एक जरी स्त्री असेल, तर शुल्क जास्त भरून जलद तपासणी मागता येते. माझी पत्नी सहअर्जदार असती, तर कदाचित दोन वर्षे वाचली असती. आणि शोधक म्हणून तिचे नाव लावण्याची विनंतीही पेटंट मंजूर होण्याआधीच करावी लागते. मी ते कलम वाचले तेव्हा प्रमाणपत्र भिंतीवर लागलेले होते.

या सगळ्यातून गेल्यावर पेटंट पद्धत बदलावी का, असे मला कोणी विचारले, तर मी सैल करा असे म्हणणार नाही. बियाणे आणि वनस्पती पेटंटबाहेर ठेवणारे कलम आहे म्हणूनच बीटी कपाशीच्या पेटंटवर न्यायालयात प्रश्न उभा राहू शकला. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला ठेवून खटला पुन्हा चालवायला सांगितला, म्हणजे वाद सोपा नव्हता, पण वाद घालायला जागा तरी होती. माझी तक्रार वेगळी आहे. ही शिडी वरच्या पायऱ्यांची आहे आणि खालची पायरीच नाही. माझ्याविरुद्ध वापरला गेलेला तो चिनी चहाखुडणीचा दस्तऐवज उपयुक्तता प्रतिरूपाचा (युटिलिटी मॉडेलचा), म्हणजे छोट्या सुधारणेवरच्या हक्काचा होता. अशा छोट्या सुधारणांसाठी चीनमध्ये १० वर्षांचा हलका हक्क मिळतो, आणि तो देताना शोध किती मोठा आहे याची सखोल तपासणी होत नाही. जर्मनीत ही सोय १८९१ पासून आहे, जपानमध्ये १९०५ पासून. आपल्याकडे सरकारने २०११ मध्ये त्यावर एक चर्चापत्र काढले, कायदा झाला नाही. म्हणजे तेथल्या कारागिराचा कागद येथल्या कारागिराला अडवू शकतो, आणि येथल्या कारागिराला तसा कागदच मिळत नाही. बियाण्याच्या बाबतीत आपण ही पायरी बांधलेली आहे: २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकरी आपले वाण नोंदवू शकतो आणि त्याच्याकडून शुल्क घेतले जात नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हा तांदूळ निवडून काढला, तेव्हा असा कायदा नव्हता. लोखंडाच्या बाबतीत आम्ही अजून त्याच काळात आहोत.

हलक्या हक्काची मला भीतीही वाटते. उद्या एखादा व्यापारी बाजारातले कोणतेही यंत्र नोंदवून माझ्यासारख्या दुकानदारांना नोटिसा पाठवत सुटेल. जपानमध्ये यावर उपाय आहे. तेथे हक्क बजावण्याआधी पेटंट कार्यालयाचे तांत्रिक मत घेऊन ते समोरच्याला दाखवावे लागते. तशी अट घालून कायदा झाला, तर मी त्याच्या बाजूने आहे. दुसरी मागणी भाषेची. म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयात अर्ज कोणत्याही भाषेत दाखल होतो, भाषांतर दोन महिन्यांत द्यावे लागते. म्हणजे मराठीत लिहिलेली खाच म्युनिकला चालते, मुंबईला चालत नाही.

पेटंट मिळाल्यावर मागच्या तीन वर्षांचे नूतनीकरण शुल्क एकदम २,४०० रुपये भरले, नंतर सहाव्या वर्षाचे ८००. सातव्या ते दहाव्या वर्षापर्यंत दर वर्षी २,४०० होतात. कोणी नक्कल केली तर खटला जिल्हा न्यायालयाच्या खालच्या न्यायालयात चालत नाही, आणि समोरच्याने पेटंटच रद्द करण्याची मागणी केली तर प्रकरण उच्च न्यायालयात जाते. यवतमाळच्या एका वकिलांनी सांगितलेला खर्चाचा अंदाज ऐकून मी चहा घेऊन परत आलो.

नकला होतातच. गेल्या हंगामात बाहेरून आलेली उलट फिरणारी यंत्रे दुरुस्तीला माझ्याकडे आली, कोणत्याच पात्याला खाच नव्हती आणि सगळ्यांच्या दांड्या शेंड्यांनी गच्च भरलेल्या होत्या. पत्नीने विचारले, "आपलं पातं बसवून देऊ काय?" आम्ही बसवून दिले. वस्तूवर पेटंटचा क्रमांक नसेल, तर नक्कल करणारा 'मला माहीत नव्हते' म्हणून भरपाईतून सुटू शकतो, म्हणून मी क्रमांक ठोकतो. पण पाते कडक पोलादाचे असते, त्यावर पंच मारला तर तडा जातो, तेव्हा क्रमांक दांड्यावर ठोकावा लागतो. आणि नुसते पाते बदलून नेणाऱ्यांच्या दांड्यावर आधीच दुसऱ्याचे नाव असते.